चालत्या मुंगीच्या पोटात अंडं: कोलॅस्मोसोमा सेंटम या जातीचा शोध

उसाच्या पानामागे ट्रायकोकार्ड टाचणाऱ्या शेतकऱ्याला परजीवी गांधीलमाशी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. कार्डावरून निघालेली ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडते. यजमानाचं रक्त पिऊन त्याला जिवंत सोडणारा परजीवी वेगळा आणि यजमानाला आतून खाऊन शेवटी मारणारा वेगळा. या दुसऱ्याला पॅरासिटॉइड म्हणतात. किड्यांची अंडी, अळ्या, कोष यांच्यावर जगणारे पॅरासिटॉइड हजारोंनी आहेत, कारण अंडं पळून जात नाही आणि कोष चावत नाही. पूर्ण वाढलेल्या, धावत्या, जबडा उघडून अंगावर येणाऱ्या मुंगीच्या पोटात अंडं घालणं ही अगदी निराळी कामगिरी आहे. ती करणाऱ्या गांधीलमाश्यांची एक नवी जात स्पेनमध्ये माद्रिदला सापडली. तिचं नाव कोलॅस्मोसोमा सेंटम.

हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण इथे संग्रहालयाच्या पेटीतल्या टाचणीवरून शोध सुरू झालेला नाही. मुंग्यांच्या वारुळाजवळ आधी वागणूक दिसली, तिचं चित्रीकरण झालं, आणि त्या चित्रीकरणाशी जोडलेल्या माशीला शास्त्रीय नाव मिळालं. नुसती टाचणीवरची माशी असती, तर ती कुणाच्या जिवावर जगते ते कळलं नसतं. नुसती फिल्म असती, तर जात ठरली नसती. या दोन्ही गोष्टी एकाच कीटकाबद्दल आहेत हे सिद्ध करणं हाच या कामाचा गाभा आहे, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात.

२०११ साली ‘झूकीज’ या नियतकालिकाच्या १२५व्या अंकात होसे-मारिया गोमेझ दुरान आणि केस व्हान आख्तरबर्ग यांचा लेख आला. गोमेझ दुरान यांनी निरीक्षण आणि चित्रीकरण केलं होतं. व्हान आख्तरबर्ग हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या निसर्गसंग्रहालयातले, ब्रॅकोनिड कुळातल्या गांधीलमाश्यांचे जाणकार. लेखात मुंग्यांवर जगणाऱ्या चार गांधीलमाश्यांची अंडी घालण्याची पद्धत प्रथमच चित्रित करून मांडली होती. त्यांतल्या दोन जाती, कोलॅस्मोसोमा सेंटम आणि निओन्यूरस व्हेस्क्युलस, विज्ञानाला नव्या होत्या. तिसरी नवी जात, निओन्यूरस रेक्टिकॅल्कार, स्लोव्हाकिया आणि नॉर्वेतल्या नमुन्यांवरून त्याच लेखात वर्णिली गेली.

त्या चार माश्या चार वेगवेगळ्या मुंग्यांवर जातात. एलास्मोसोमा लक्झेम्बुर्गेन्से फॉर्मिका रुफिबार्बिस मुंगीच्या पोटात अंडं घालते. कोलॅस्मोसोमा सेंटमही पोटातच घालते, पण ती कॅटाग्लिफिस इबेरिका या मुंगीवर जाते. लेखात या मुंगीचं नाव इबेरिकस असं छापलं आहे. कॅटाग्लिफिस हे नाव स्त्रीलिंगी धरल्यामुळे आता इबेरिका लिहितात. निओन्यूरस व्हेस्क्युलस फॉर्मिका क्युनिक्युलेरियाच्या छातीत अंडं घालते. चौथी हायब्रिझॉन बुक्काटस तर मोठ्या मुंगीला हातच लावत नाही. लॅसियस ग्रँडिस मुंग्या आपल्या पूर्ण वाढलेल्या अळ्या तोंडात धरून वारुळाबाहेरून नेत असतात, तेव्हा ती वरून येते आणि त्या अळीत अंडं घालते.

यातली हायब्रिझॉन १८२५ सालापासून आणि एलास्मोसोमा १९०९ सालापासून नावाने माहीत होत्या. म्हणजे नाव मिळून शंभर-दोनशे वर्षं झाली, तरी अंडं नेमकं कसं घातलं जातं हे पडद्यावर कुणी पाहिलं नव्हतं. नाव देणं आणि ओळख होणं यांत एवढं अंतर पडू शकतं.

कॅटाग्लिफिस ही कोरड्या, उघड्या जमिनीवरची लांब पायांची मुंगी. इतर मुंग्या उन्हाने आत जातात तेव्हा ती बाहेर पडते आणि तापून मेलेले किडे गोळा करते. धावण्यात तिचा हात धरणारी मुंगी विरळाच. भारतात तिची भावंडं राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात आढळतात. अशा मुंगीला गाठायचं तर गांधीलमाशीलाही भर उन्हात जमिनीलगत उडावं लागतं. कोलॅस्मोसोमा सेंटम जमिनीपासून जेमतेम एक सेंटिमीटर उंचीवर घिरट्या घालते. तिची स्वतःची लांबी साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. मुंगी दिसली की ती झेप घेते, पोटावर टेकते, अंडं घालते आणि उडते. हा सगळा प्रकार सरासरी ०.०५२ सेकंदात, म्हणजे सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात उरकतो. डोळ्याला दिसतं ते इतकंच की मुंगी एकदम दचकली आणि गर्रकन वळली.

आता कॅमेऱ्याचा हिशोब. साधा व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०४ सेकंदाचं अंतर. ०.०५२ सेकंदाचा हल्ला त्यात एका किंवा दोन चित्रांत संपतो. एका चित्रात माशी वर आहे, पुढच्यात अंगावर आहे, त्याच्या पुढच्यात नाही. माशी पाठीवर टेकली की कुशीला, पाय कुठे रोवले, पोट कसं वाकवलं, यातलं काहीच हाती लागत नाही. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर त्याच वेळात साडेबारा चित्रं मिळतात आणि हालचालीचे टप्पे वेगळे होतात. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये ही सोय आहे. अडचण तिथे संपत नाही, कारण चित्रांची संख्या वाढवून शटर हळूच ठेवलं तर प्रत्येक चित्र फराटा होतं. समजा माशी सेकंदाला एक मीटर वेगाने आली. १/५० सेकंदाच्या शटरमध्ये ती दोन सेंटिमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट. १/४००० ला ती पाव मिलिमीटर सरकते आणि तेवढं चालतं. इतक्या जलद शटरला प्रकाश भरपूर लागतो. इथे मात्र मुंगीची सवय कामाला येते, ती स्वतःच रणरणत्या उन्हात बाहेर असते.

फोकस हा सर्वांत मोठा शत्रू. जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारा थर काही मिलिमीटरच जाड असतो. माशीच्या मागे कॅमेरा फिरवणारा माणूस दिवसभर धुरकट चित्रंच घेतो. मुंग्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरची हातभर सपाट जागा निवडावी, कॅमेरा बैठकीवर बांधावा, फोकस जमिनीच्या एक सेंटिमीटर वर हाताने पक्का करावा आणि माशीची वाट पाहावी. ऑटोफोकस बंदच ठेवावा, नाहीतर तो खड्यांवर जाऊन बसतो. आपली सावली वाटेवर पडू देऊ नये. सावली पडली की मुंग्या वाट बदलतात आणि घिरट्या घालणाऱ्या माश्या निघून जातात. सुरुवातीला त्याच जागी आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवून काही सेकंद चित्रण करून घ्यावं. नंतर माशीची लांबी आणि उडण्याची उंची मोजायला तोच आधार असतो.

मुंगीवर घिरट्या घालणारा प्रत्येक बारीक जीव गांधीलमाशी नसतो, हेही इथेच सांगायला हवं. फोरिड कुळातल्या माश्याही मुंग्यांवर अगदी अशाच टपतात आणि अंडी घालतात. पडद्यावर थांबवून पाहिलं तर फोरिड कुबड काढल्यासारखी दिसते, तिला पंखांची एकच जोडी असते आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, इतक्या आखूड असतात की वेगळ्या जाणवत नाहीत. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि मण्यांच्या माळेसारख्या खंडांच्या लांब शृंगिका असतात. हा फरक सुरुवातीलाच केला नाही तर चुकीच्या तज्ज्ञाकडे नमुना जातो आणि महिने वाया जातात.

चित्रीकरणानंतरची पायरी म्हणजे तीच माशी पकडणं, आणि सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. दुपारी माशीची फिल्म घेतली आणि संध्याकाळी त्याच वारुळावर जाळं फिरवून काही माश्या धरल्या, तर त्या त्याच जातीच्या आहेत याला पुरावा काय? एकाच वारुळावर दोन जातींच्या माश्या येऊ शकतात. त्यासाठी चित्रीकरण चालू असतानाच दुसऱ्या माणसाने ओढनळीने, म्हणजे तोंडाने हवा खेचून किडा कुपीत घेण्याच्या नळीने, हल्ला करणारी माशी उचलावी. कॅमेऱ्यात नळीचं टोक आणि माशी एकत्र दिसली तर उत्तमच. त्या कुपीला फिल्मच्या फाईलचा क्रमांक तिथल्या तिथे द्यावा. नळीत बारीक जाळी आहे ना हे आधी तपासावं, दोन मिलिमीटरची माशी साध्या जाळीतून सरळ घशात जाते.

सोबत मुंग्याही घ्याव्यात. लहान-मोठ्या आकाराच्या आठ-दहा कामकरी पुरतात. ‘लाल मुंगी’ अशी नोंद दहा वर्षांनी कुणाच्याही उपयोगाची नसते. मुंगीची जात ठरवायला तिचा नमुनाच लागतो, आणि यजमानाचं नाव चुकलं तर सगळ्या निरीक्षणाचा पायाच निसटतो.

कुपीत अल्कोहोल कोणतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. डीएनए काढायचा असेल तर ९५ ते ९६ टक्के आणि थंडी. पण इतक्या तीव्र अल्कोहोलमध्ये कीटक कडक होतो, शृंगिका आणि पाय तुटतात. एकच नमुना असेल तर पेच पडतो. चार-पाच असतील तर एक-दोन तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावेत आणि बाकीचे वर्णनासाठी ७० ते ८० टक्क्यांत. ओला नमुना उघड्यावर वाळवणं ही नेहमीची चूक. पाणी उडताना डोळे आत बसतात, पोट सुरकुततं, आणि ज्या पोटाच्या पहिल्या खंडाची लांबी-रुंदी मोजायची तोच पापडासारखा होतो. त्यापेक्षा अल्कोहोलमधून झायलीनमिश्रित अल्कोहोल आणि मग अमायल अॅसिटेट असा प्रवास करवून वाळवावं, किंवा एचएमडीएस हे चटकन उडून जाणारं रसायन वापरावं. या सगळ्या रसायनांचा वास डोक्यात जातो, काम हवेशीर जागीच करावं. वाळलेली माशी टाचणीत सरळ खुपसत नाहीत, तिचा चुराच होईल. कार्डाच्या त्रिकोणी टोकावर छातीच्या एका बाजूने पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा टिपका लावून चिकटवतात, म्हणजे दुसरी बाजू, तोंड आणि पंख मोकळे राहतात.

ही जात नवी आहे हे ठरवणं हे सूक्ष्मदर्शकाखालचं, चिकाटीचं काम. कोलॅस्मोसोमा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, व्हान आख्तरबर्ग आणि अर्गामान यांनी १९९३ साली वेगळी केली होती, त्यामुळे तुलनेला आधार होता. ब्रॅकोनिड कुळातल्या युफोरिनी उपकुळाच्या निओन्यूरिनी गटात ती येते. या गटात पंखांच्या शिरा बऱ्याच घटलेल्या असतात, म्हणून इतर ब्रॅकोनिडांना लावायच्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण तपासत जात ओळखायचे तक्ते, इथे अडतात. उरलेल्या शिरांची ठेवण, शृंगिकेच्या खंडांची संख्या आणि प्रमाण, डोक्याच्या माथ्यावरच्या बारीक साध्या डोळ्यांमधलं अंतर, छातीवरचं नक्षीकाम, पोटाच्या पहिल्या खंडाचा आकार आणि पायांवरचे काटे हे तपासावे लागतात. एकेका मोजमापाऐवजी गुणोत्तरं देतात, कारण लहान यजमानातून निघालेली माशी लहान असते, पण तिच्या अवयवांचं प्रमाण त्या मानाने स्थिर राहतं. मग आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना किंवा निदान मूळ वर्णन समोर ठेवून फरक लिहावा लागतो. गोमेझ दुरान आणि व्हान आख्तरबर्ग यांनी फक्त नव्या जातीचं वर्णन देऊन काम थांबवलं नाही. युरोप, उत्तर आफ्रिका आणि हिमालयाच्या उत्तरेचा आशिया धरून होणाऱ्या प्रदेशातल्या निओन्यूरस आणि कोलॅस्मोसोमा यांच्या सगळ्या जाती ओळखायची किल्ली त्यांनी दिली. पुढच्या माणसाला खरा उपयोग तिचाच असतो.

नर आणि मादी बऱ्याचदा इतके वेगळे दिसतात की दोन जाती वाटाव्यात. वारुळावर हल्ला करताना मादीच हाती लागते, म्हणून वर्णनाचा भार तिच्यावर पडतो. आज अशा ठिकाणी सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून नर-मादीची जोडी लावता येते. त्यावर डोळे मिटून विसंबू नये. किड्यांच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूमुळे हे जनुक जातीची सीमा चुकीची दाखवू शकतं. शरीररचना, डीएनए आणि यजमान या तिन्हींचा सूर जुळला तरच खात्री.

नावाचे नियम कोरडे वाटतात, पण त्यांत चूक झाली तर नावच ग्राह्य धरलं जात नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे नव्या जातीचा एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार, म्हणून स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल हे लेखातच लिहावं लागतं. लिंगही जुळावं लागतं. ‘सोमा’ हा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी, म्हणून सेंटम, लक्झेम्बुर्गेन्से अशी रूपं. आणखी एक बारकावा त्या सालाचा. फक्त ऑनलाइन प्रसिद्ध झालेलं नाव ग्राह्य धरण्याची सोय संहितेत सप्टेंबर २०१२ मध्ये आली आणि २०११ नंतरच्या प्रकाशनांना लागू झाली. म्हणून २०११ मधल्या लेखाला छापील प्रतींची गरज होती. आज ऑनलाइन चालतं, पण झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंदणी आणि तिचा उल्लेख लेखात हवाच.

मे २०१२ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संस्थेने वर्षातल्या दहा लक्षणीय नव्या जातींची यादी काढली, तिच्यात म्यानमारच्या नकट्या माकडाच्या पंगतीला ही दोन मिलिमीटरची माशी होती. ती तिथे पोचली ती फिल्ममुळे, आणि ते योग्यच झालं.

फिल्मची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. माशी टेकली आणि पोट वाकलं म्हणजे अंडं आत गेलं असं नाही, आणि अंडं गेलं म्हणजे अळी वाढली असंही नाही. ते सिद्ध करायचं तर हल्ला झालेल्या मुंग्या वेगळ्या ठेवून पाळाव्या लागतात. डबीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर थर, त्यात थोडी कोळशाची पूड, म्हणजे ओल टिकते आणि बुरशी लवकर दिसते. खाण्याला साखरपाणी आणि किड्यांचे तुकडे, ते रोज बदलायचे. तेवढ्याच, हल्ला न झालेल्या मुंग्या दुसऱ्या डबीत ठेवल्याशिवाय या प्रयोगाला अर्थ नाही. वारुळापासून तोडलेल्या कामकरी तशाही मरतात, आणि मेलेली प्रत्येक मुंगी परजीवीच्या नावावर मांडली जाते. काही मुंग्या ठरावीक दिवसांनी क्षारपाण्यात उघडून पोटातली अळी पाहावी. मेलेली मुंगी लगेच फेकू नये, अळी बाहेर पडून जवळच कोष विणण्याची शक्यता असते. मुंगीच्या पोटातून अशी अळी बाहेर येतानाचा क्षण बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या झाडाच्या डिंकात, गोठलेला सापडला आहे. जॉर्ज पॉइनर आणि मिलर यांनी २००२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो अंबर सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा आहे. इतक्या जुन्या जोडीचा माद्रिदमधला आजचा वारस कॅमेऱ्यात पकडला गेला, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे हाच धडा गिरवायचा तर यजमान वेगळे घ्यावे लागतील. फॉर्मिका आणि लॅसियस भारतात हिमालयाच्या बाजूला आहेत, सह्याद्रीत नाहीत. इथे पाहण्यासारखी आहे ती कोकण-गोव्यातली ओंबील मुंगी, जिला हुमले असंही म्हणतात. आंबा-काजूच्या पानांचं घर शिवताना ती स्वतःच्या अळीचा धोट्यासारखा वापर करते, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. स्मायक्रोमॉर्फा ही गांधीलमाशी नेमक्या त्याच वेळी त्या अळ्यांवर टपते. तिची एक जात १९७९ साली केरळमधून वर्णिली गेली आहे. म्हणजे घर शिवलं जात असेल तेव्हा कॅमेरा लावायचा, घर पूर्ण झाल्यावर काही दिसणार नाही. युकॅरिटिड माश्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या मुंगीजवळ न जाता झाडाच्या कळ्या-पानांत अंडी घालतात, आणि त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या मुंग्यांसोबत वारुळात पोचतात. तिथे हल्ल्याची फिल्म मिळणारच नाही, वारुळातले कोष उघडूनच पुरावा मिळतो.

नवी जात निघाली तर जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३९ लागू होतं. शोध नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचा आणि नमुने तिथे जमा करायचे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अभयारण्यात गोळा करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हवी, आणि नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचावेत. टाचणीवरच्या लेबलात ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, मुंगीच्या कुपीचा क्रमांक आणि फिल्मचा क्रमांक, एवढं सगळं न पुसणाऱ्या शाईत मावलं पाहिजे. जागा कमी पडली तर त्याच टाचणीत खाली दुसरं लेबल लावावं. फिल्मचा क्रमांक मात्र पहिल्यावरच लिहावा.